मेहुण्याच्या मोटारीचे तावदान

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे एखाद्या संतावर लिहावे, नाही तर जुन्या नाट्यपदांवर लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. संपादकमहाशयांनी पत्र धाडले तेही बहुधा त्याच अपेक्षेने. पण वाचकहो, गेले काही महिने माझ्या डोक्यात ना अभंग आहे, ना पद. आहे ते एक तावदान. तेही घराचे नव्हे, मोटारीचे. आणि ती मोटारही माझी नव्हे, मेहुण्याची!

मेहुणा पुण्यात असतो. संगणकाच्या धंद्यात त्याला चांगले यश आले आणि साडेतीन वर्षांपूर्वी त्याने विजेवर चालणारी एक परदेशी मोटार घेतली. 'एसयूव्ही' म्हणतात त्या जातीची. उंच, रुंद, आणि तेवढ्या पैशांत आमच्या कऱ्हाडात एखादे टुमदार घर उभे राहावे अशा किमतीची. कंपनीचे नाव सांगत नाही. सोयरिकीचा मामला आहे. या मोटारीला धूर नाही, धडधड नाही. माझ्या आईला तिच्यातून प्रथम फिरवून आणले तेव्हा ती घराच्या दाराशी येईपर्यंत विचारीत होती, "अरे, सुरू कधी करणार?"

नारळी पौर्णिमेला बहिणीकडून राखी बांधून घेण्यासाठी मेहुणा कऱ्हाडला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "दाजी, आज कॉलेजला माझी गाडी घेऊन जा. बघा तर खरं!" मी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा म्हणायचे राहून गेले. नऊ वर्षे एकच मारुती चालवणाऱ्या माणसाच्या मनात काय काय दडलेले असते, हे त्या दिवशी मला कळले.

महाविद्यालयात वाहनतळ आहे. पण तिथे विद्यार्थ्यांच्या दुचाक्यांची रेटारेटी. एखादा ओरखडा उठला तर सोयऱ्याला काय तोंड दाखवू? म्हणून मी ती गाडी मैदानाच्या कडेला शिरीषाखाली, हिरवळीवर नेऊन लावली. शिक्षक-कक्षाच्या खिडकीतून ती जागा नेमकी दिसते, हा काही माझा हेतू नव्हता. निदान तो मुख्य हेतू नव्हता. शिरीषाच्या बुंध्यावर एक पत्र्याची पाटी आहे : 'येथे वाहने लावू नयेत.' तिचे शुद्धलेखन काही वर्षांपूर्वी मीच तपासून दिले होते.

दुसऱ्या तासाला मी प्रयोग शिकवीत होतो, व्याकरणातले. कर्तरी संपवून कर्मणीला हात घालतो तोच शिपाई दारात उभा राहिला. "सर, जरा खाली या. पाव्हण्यांची गाडी..."

खाली जाऊन पाहतो तो मागल्या डाव्या दाराची काच नाही! तडकली, भेगाळली असे काही नव्हे, नाहीच. चौकट रिकामी, आणि आत बैठकीवर, खाली गवतावर, पायपुसण्यावर साबुदाण्याची पोती फुटावीत तसे काचेचे दाणेच दाणे. चार पावलांवर आमचे माळीमामा गवत कापायचे पेट्रोलचे यंत्र गळ्यात अडकवून उभे. यंत्र त्यांनी बंद केले होते, पण हात अजून थरथरत होते.

"सर, माझ्या हातनं झालं," ते म्हणाले. "खडा उडाला. हरभऱ्याएवढा असंल बघा."

हे यंत्र आता सर्वत्र दिसते. लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. पाऊस उघडला की शाळा-महाविद्यालयांच्या आवारात दिवसभर त्याची घरघर चालते. दोरीच्या तडाख्यात खडा सापडला की तो गोफणीतून सुटावा तसा सुटतो. म्हणून यंत्राच्या माहितीपुस्तकात पंधरा मीटरांच्या आत माणूस फिरकू देऊ नये असे छापलेले असते आणि दोरीमागे एक आडोसाही बसवलेला असतो. मामांच्या यंत्राला आडोसा नव्हता. आडोसा काढला की दोरी लांब सोडता येते, काम लवकर उरकते. म्हणून मुकादमानेच तो काढवला होता. मामा आमच्याकडे वीस वर्षे आहेत, पण महाविद्यालयाच्या पटावर नाहीत, ते ठेकेदाराचे. महिना बारा हजार. आणि मुकादम तिथेच उभा राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, की भरपाई यांच्याच पगारातून कापू, आणि साहेब म्हणतील तर उद्यापासून यांना बंद करू.

साहेब म्हणजे मी.

मी तेव्हा काहीच बोललो नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. माझ्या डोळ्यांपुढे मेहुण्याचा चेहरा होता. काहीतरी करायचे म्हणून मी वाकून मूठभर दाणे उचलले. हात कापेल अशी धास्ती होती. पण कडा बोथट, जाड खडीसाखरेसारख्या. मामा म्हणाले, "ती न्हाई कापायची, सर. ही ताणातली काच. माझा आजा ओगल्यांच्या कारखान्यात होता. आम्ही पोरं गेलो की वितळलेल्या काचेचा एक थेंब तो पाण्याच्या बादलीत सोडायचा. गार झाला की त्याच्या डोक्यावर हातोडा मारा, फुटायचा न्हाई. शेपटी नुसती चिमटीत मोडली की सगळ्याचं पीठ!"

कऱ्हाडकरांना ओगले सांगायला नकोत. आमचे रेल्वे स्टेशनच ओगलेवाडीत आहे. परगावच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्यानंतर १९१६ साली ओगले बंधूंनी इकडे औंध संस्थानच्या मुलखात आपली भट्टी पेटवली. त्यांचा 'प्रभाकर' कंदील कोणे एके काळी महाराष्ट्राच्या घराघरात खुंटीला टांगलेला असे. आता तो कारखाना राहिला नाही. कंदीलही क्वचित एखाद्या माळ्यावर सापडतो. पण ज्याचा आजा त्या भट्टीपुढे उभा राहिला होता, त्याच्याच हातून ही काच फुटावी, याचे मला राहून राहून नवल वाटत होते.

मामांनी सांगितलेला थेंब मी मागाहून पुस्तकात शोधून काढला. सतराव्या शतकात प्रिन्स रूपर्ट याने तो इंग्लंडात नेला, आणि १६६०च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांनी त्यावर बरेच डोके खाजवले. मोटारीच्या दाराची काच म्हणजे त्या थेंबाचीच सपाट भावंडे. कंदिलाची काच भट्टीतून काढल्यावर सावकाश थंड करतात, तिच्यात ताण राहू नये म्हणून. ही काच मात्र सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर झटकन आकसून घट्ट होतो. आतला गाभा मागाहून निवताना आकसू पाहतो, पण वरचा थर त्याला हलू देत नाही. सगळी काच अशी कायमची ताणात राहते, आणि त्यामुळेच साध्या काचेच्या चारपाच पट मार सोसते. पण एका जागी तो वरचा थर भेदला गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि एका क्षणात दाणे होतात.

याचा व्यावहारिक अर्थ मला दुपारी बाजारात कळला. माझी समजूत अशी, की काचवाल्याकडे जावे, माप द्यावे, त्याने हिरकणी फिरवून काच कापून द्यावी. काचवाला हसला. "सर, ही काच कापता येत नाही. हिरकणी लावली की भुगा. हिला आकार, गोलाई, भोकं सगळं आधी द्यायचं, मग तापवायची. एकदा झाली ती झाली." माझ्या मारुतीची असती तर पुण्याहून संध्याकाळच्या एसटीने मागवून दिली असती, असेही तो म्हणाला. या गाडीची काच त्याने जन्मात पाहिली नव्हती.

समोरची काच मात्र निराळी असते. ती दुपदरी, दोन काचांमध्ये एक पारदर्शक पडदा चिकटवलेला. दगड बसला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागची हलत नाही. तिचे मूळ पॅरिसमधले. १९०३ साली एदुआर बेनेदिक्ट्यूस नावाच्या गृहस्थांच्या हातून प्रयोगशाळेतली एक कुपी खाली पडली. ती तडकली, पण विखुरली नाही. आत कसलेसे सेल्युलोजचे द्रावण वाळून त्याचा पापुद्रा धरला होता! आता महागड्या विजेच्या गाड्यांत पुढच्या दारांनाही अशी दुपदरी काच घालतात; पण ती अपघातासाठी नव्हे, शांततेसाठी. इंजिनाचा आवाज गेला की आजवर त्याखाली दडलेला वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागतो, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला तो खपत नाही. आमच्या गाडीला पुढे दुपदरी आणि मागे साधी ताणाची. खडा दोन हात पुढे लागता तर कदाचित नुसती तडक जाऊन भागले असते.

मेहुण्याने बातमी ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं नाही ना?" दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही. त्यामुळे मला अधिकच मेल्यासारखे झाले. फक्त एवढे म्हणाला, "दाजी, त्या काचेचं बटण दाबलंत का? दाबू नका. आत दाणे असतात, तार अडकते." मी ते तीन वेळा दाबून झाले होते.

संध्याकाळी आम्ही दोघेच पुण्याला निघालो, सौ.ची भावजय आणि मुले मागाहून येणार होती. चौकटीवर पॉलिथिनचा जाड कागद चिकटपट्टीने डकवला होता. सातारा सोडेपर्यंत तो नुसता फडफडत होता. खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्याबरोबर असा काही वाजू लागला, की तमाशाच्या फडात ढोलकीशेजारी बसल्यासारखे वाटावे. पुढे पाऊस लागला. ज्या गाडीत आईला सुरू झालेले कळत नव्हते, त्या गाडीत आम्ही दोघे एकमेकांशी ओरडून बोलत होतो. काय बोललो? मुलांच्या शाळा, पुण्यातल्या रहदारीची दशा. काचेविषयी अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कार्यशाळेत गेलो. तिथल्या तरुणाने प्रथम गाडीचा सतरा अक्षरी क्रमांक मागितला. एकाच नावाच्या गाडीला मागल्या दाराच्या दोन तऱ्हेच्या काचा येतात. कोणती कुणाला, ते त्या क्रमांकावरून ठरते. खात्री करण्यासाठी त्याने उजव्या दाराच्या शाबूत काचेच्या कोपऱ्यातली खूण पाहिली. वाचकहो, आपल्याही मोटारीच्या काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरे असतात, ती एकदा वाचून पाहा. युरोपातल्या काचेवर वर्तुळात 'ई' आणि त्यापुढे आकडा असतो. तो परवानगी देणाऱ्या देशाचा. एक म्हणजे जर्मनी, दोन म्हणजे फ्रान्स. माझ्या मारुतीवर आपला आयएसआयचा शिक्का आहे, हे मला नऊ वर्षांनी कळले.

अंदाजपत्रक आले : काच, पट्ट्या, मजुरी, कर मिळून एकसष्ट हजार आठशे रुपये. काच परदेशातून येणार. तीन ते चार आठवडे.

माळीमामांचा पाच महिन्यांचा पगार! माझ्या मनात लगेच हा हिशेब झाला, आणि मेहुण्याच्याही झाला असावा, कारण तो घाईने म्हणाला, "विमा आहे, दाजी. काळजी करू नका."

रात्री विम्याचा अर्ज समोर आला. घटना कशी घडली ते थोडक्यात लिहा. "तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुम्हीच मसुदा करा," मेहुणा म्हणाला. आयुष्यात मी पुष्कळ मसुदे केले, पण चार ओळींना दीड तास कधी लागला नव्हता. 'माळ्याने खडा उडवला' असे लिहिले तर विमा कंपनी ठेकेदाराला गाठणार आणि ठेकेदार मामांना. 'रस्त्याने जाताना खडा लागला' हे सोपे होते. पण ते खोटे. शेवटी व्याकरण धावून आले. 'उभ्या गाडीच्या काचेवर बाहेरून खडा उडून आदळला.' उडणे हे अकर्मक क्रियापद, कर्ता खडा. उडवणारा कुठेच नाही! मी स्वतःवर खूश झालो. मेहुण्याने वाचले आणि विचारले, "पण दाजी, उभ्या गाडीवर खडा आपोआप कसा उडतो?" विद्यार्थी म्हणून तो नक्कीच हुशार असला पाहिजे.

तो मसुदा वायाच गेला. सकाळी विम्याचे एजंट आले आणि त्यांनी कागदावर आकडे मांडले. काचेला घसारा धरत नाहीत, तेव्हा पदरचे दोन हजार वगळता सगळे पैसे मिळतील, हे खरे. म्हणजे एकोणसाठ हजार आठशे. पण दावा न करणाऱ्याला हप्त्यात सूट असते : पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पन्नास. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता नव्वद हजार धरला, तर येत्या नूतनीकरणाला पंचेचाळीस टक्के म्हणजे साडेचाळीस हजार सुटायचे ते जाणार. त्यापुढल्या वर्षी पन्नासाऐवजी वीसच टक्के. आणखी सत्तावीस हजार गेले. दोन वर्षांत साडेसदुसष्ट हजारांचा खड्डा. ही सूट राखून ठेवण्याचे एक पुरवणी कलम असते, थोडा जादा हप्ता भरून मिळते; ते मेहुण्याने घेतले नव्हते. "साहेब, एका काचेसाठी दावा करू नका," एजंट म्हणाले. ज्याच्या धंद्यात पैसे देणे आले, त्याने घेऊ नका म्हणून सांगावे, हे मला तेव्हा जरा चमत्कारिक वाटले. पण आकडे बरोबर होते. मी दोनदा तपासले.

कऱ्हाडला परतताना एसटीत मी दुसरा मसुदा केला. प्राचार्यांच्या नावे, प्रत ठेकेदारास. त्यात कर्ता शोधावा लागला नाही. 'वाहने लावण्यास मनाई असलेल्या जागी मी गाडी लावली. गवत कापण्याचे काम चालू आहे हे मला दिसत होते. यंत्रास आडोसा नव्हता, ही बाब ठेकेदाराने पाहावयाची होती. माळ्याचा यात दोष नाही.' प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही, हे त्यांचे उपकार. मुकादमाला बोलावून यंत्राला आडोसा बसवून घेतला आणि पगारातून काही कापायचे नाही असे ठरले.

काच तेविसाव्या दिवशी आली. तीस हजारांचा धनादेश खिशात घालून मी पुण्याला गेलो. मेहुणा घेईना, शेवटी बहिणीने फोनवरून "घे रे, नाही तर हे झोपणार नाहीत," असे सांगितले तेव्हा कुठे त्याने तो घेतला.

काम बघायला मला आत सोडले. कारागीर पाटणकडचा, पंचविशीतला मुलगा. मी कऱ्हाडचा म्हटल्यावर मला काका म्हणू लागला. मला भीती अशी, की एवढ्या विजेच्या गाडीचे दार उघडायचे म्हणजे शॉक बसायचा! तो हसला. "काका, दारात बारा व्होल्टच. तुमच्या मारुतीसारखेच. मोठ्या बॅटरीच्या तारा नारिंगी असतात, त्या इकडं येतच नाहीत." त्याने मुठीमागचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या चपट्या कांबीने कडेच्या खुंट्या एकेक उचकटल्या आणि दाराचे आतले अस्तर अलगद सोडवले. त्यामागे रबरासारख्या डिंकाने चिकटवलेला एक पडदा होता. मला ते नुसते पावसापासूनचे आवरण वाटले. पण या गाडीच्या दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारे एक उपकरण असते. बाजूने टक्कर झाली की पोकळी दबते, हवा दाटते, आणि त्यावरून कुशीतली हवेची पिशवी फुगवायची की नाही ते ठरते. पडदा फाटका राहिला तर त्या उपकरणाची फसगत होईल. म्हणून काच बसवण्यापेक्षा पडदा नीट चिकटवण्यालाच अधिक जपावे लागते, असे तो म्हणाला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून हे काम का करवू नये, ते मला तिथे पटले.

मग दाराच्या तळातून दाणे निघू लागले. आधी मूठ मूठ, मग ओढयंत्राच्या नळीने, मग बारीक ब्रशाने. तळाशी पाणी वाहून जायला भोके असतात. ती दाण्यांनी बुजली तर दारात पाणी साठते, म्हणून ती तारेने मोकळी केली. या एका कामाला तासभर लागला. नवी काच मात्र पाच मिनिटांत बसली. वरून तिरकी आत सोडली, खाली दोन पकडींत धरली, स्क्रू आवळले, झाले! पण वर-खाली करून पाहताना ती वरपर्यंत जाई आणि आपोआप पुन्हा खाली येई. कुणाचे बोट सापडू नये म्हणून काचेला अडथळा जाणवला की ती मागे फिरते, आणि नवी काच कुठपर्यंत जायची हे त्या यंत्रणेला अजून ठाऊक नव्हते. मुलाने बटण वर ओढून काही वेळ तसेच धरले, मग खाली दाबून धरले, पुन्हा वर. "आता तिला कळलं," तो म्हणाला. काच वर गेली आणि बाहेरचा सगळा ठणठणाट एकदम दूर गेला.

गणपतीच्या आदल्या दिवशी माळीमामा घरी आले. आत यायला तयार नव्हते. पायरीवर उभ्या उभ्या त्यांनी एक पाकीट पुढे केले. पाच हजार. मी नको म्हटले, खूप समजावले. दोष माझा आहे, पत्रातही तसेच लिहिले आहे, असे सांगितले. "तुम्ही लिवलं, सर. पण खडा माझ्याच मशीनचा," ते म्हणाले, आणि हात मागे घेईनात. शेवटी मी पाकीट घेतले. सौ. माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. "अहो, घेववलं तरी कसं तुम्हाला?" ते पाकीट कपाटात शब्दकोशाच्या मागे तसेच आहे. दिवाळीला मिठाईबरोबर परत करावे असे सौ. म्हणते. ते घेतील असे मला वाटत नाही. आणि घेतलेच, तर मला बरे वाटेल का, तेही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, ब्रेक लावला की त्या दारात अजून एक दाणा वाजतोय. तुमच्या मारुतीत ऐकूही आला नसता!" पुन्हा दार उघडायचे म्हणजे पुन्हा तो पडदा सोडवायचा, म्हणून तूर्त राहू द्यायचे त्याने ठरवले आहे.

मी मामांना हे सांगितले. ते यंत्रात पेट्रोल भरत होते. त्यांनी मान हलवली, झाकण आवळले, नवा आडोसा हाताने हलवून पाहिला आणि वाहनतळाकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, तुमची गाडी जरा पल्याड घ्या. आज तिकडचं कापायचंय."